रुसलेला पाय

आखाडा बाळापूरचा बाजार त्या दिवशी भर दुपारी ओस पडला. मिरचीचे ढीग, हळदीची पोती, तराजू, सगळं जागच्या जागी टाकून माणसं कापसाच्या जिनिंगमागच्या मैदानाकडे निघाली होती. मैदानात एक ट्रक उभा होता. त्याचं मागचं फळकूट खाली सोडून मंच केला होता. मंचावर पिवळी चादर, चादरीवर लाकडी पाट आणि पाटापुढे मांडी घालून बसलेले काठीमोडे महाराज.

मंचाच्या एका अंगाला काठ्यांचा ढीग रचला होता. वेळूच्या काठ्या, सागाच्या काठ्या, दोन-तीन कुबड्यासुद्धा. लोक महाराजांकडे पाहण्याआधी त्या ढिगाकडे पाहत. इतक्या लोकांनी काठ्या टाकल्या म्हणजे गुण येत असलाच पाहिजे, असा त्यांचा साधा हिशेब. काठी टाकून गेलेला माणूस आपल्या गावी पोचल्यावर नवी काठी शोधत बसला का, हे पाहायला कोण जाणार?

"भक्तहो," महाराज कर्ण्यातून बोलत होते, "डॉक्टर म्हणतो पाय आखूड झाला. अरे, पाय काय धोतर हाय का, धुतलं आन् आटलं? पाय आखूड होत न्हाई. पाय रुसतो. घरातलं माणूस रुसलं तर तुमी काय करता? सुरी घेता का? न्हाई. हात धरून बोलावता. आमी पायाला बोलावतो."

लोक हसत होते, आणि हसता हसता विश्वास ठेवत होते. महाराजांचं हेच कसब होतं.

गर्दीच्या कडेला, काठीवर भार देऊन, पाईकराव गुरुजी उभे होते.

जळबा पाईकराव हे बाळापूरच्या प्राथमिक शाळेतले जुने शिक्षक. छप्पन साली नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आलेले. परत आल्यावर त्यांनी घरातले देव टोपलीत घालून स्वतःच्या हातानं कयाधू नदीत सोडले होते. कुणाच्या अंगात आलं, कुणी भानामतीचं नाव काढलं, की गुरुजी म्हणायचे, "मला दाखवा, तपासू द्या, मग मानीन." चाळीस गावच्या पोरांनी त्यांच्याकडून बाराखडीबरोबर हे वाक्यही गिरवलं होतं. असा माणूस त्या मैदानात आला कशाला?

भीतीनं आला होता. काही वर्षांपूर्वी गुरुजी सायकलवरून नाल्यात पडले आणि उजव्या खुब्याचं हाड मोडलं. ते वाकडं जुळलं, मग सांधा झिजत गेला. पाय दोन इंच आखूड झाला, उठता-बसता खुब्यात सुरी फिरल्यासारखं व्हायचं. मुंबईच्या एका मोठ्या दवाखान्यात सर्जननं सांगितलं होतं, "झिजलेला गोळा कापून धातूचा बसवू, वाटी प्लास्टिकची. पुन्हा चालाल. पण तुम्हाला मधुमेह आहे. साखर चढलेली असताना चिरलं तर जखम पिकते. नव्या सांध्यात पू झाला तर तो सगळा काढून टाकावा लागतो, आणि मग पाय आहे त्याहून वाईट. गोळ्या, पथ्य सांभाळा, साखर उतरवा आणि दिवाळीनंतर या."

हे सत्त्याहत्तर सालचं बोलणं. असलं ऑपरेशन झालेला माणूस परभणी जिल्ह्यात कुणी पाहिला नव्हता. हिंगोली तेव्हा परभणीतच होती. गुरुजी सगळ्यांना म्हणाले, "विज्ञान पुढं गेलंय, घाबरायचं कारण न्हाई." आणि स्वतः मात्र घाबरून गेले. पाय कापलेला, सांधा काढलेला, असं काहीबाही मनात येऊन घास गिळेना. ही गोष्ट त्यांनी बायकोलाही सांगितली नव्हती.

"तिथं एक विद्वान माणूस उभा हाय," महाराजांचा आवाज कर्ण्यातून आला. "मुंबईच्या सुरीला भिऊन राहिला. पोटात घास जाईना त्याच्या. या गुरुजी, लाजू नका."

गुरुजींच्या अंगावर काटा आला. याला कसं कळलं? कळायला काय, गुरुजींच्या ऑपरेशनची बातमी न्हाव्याच्या दुकानात रोज चघळली जात होती आणि महाराजांचा एक माणूस तिथं सकाळपासून दाढीसाठी नंबर लावून बसला होता. अंगाला सुरी लागणार म्हटल्यावर कोण घाबरत नाही? पण हे गुरुजींना नंतर सुचलं. त्या घटकेला लोकांनी वाट करून दिली आणि ते मंचावर चढले.

महाराजांनी त्यांना पाटावर बसवलं, दोन्ही टाचा हातात घेतल्या, लोकांना दाखवल्या. उजवी टाच चांगली मागे होती. "बघा, कसा रुसला." मग डोळे मिटून काहीतरी पुटपुटत त्यांनी पाय हळूहळू ओढले. "ये रे बाबा, ये, आपल्या भावाजवळ ये." आणि लोकांच्या डोळ्यांदेखत उजवी टाच पुढे सरकत सरकत डावीला येऊन मिळाली. मैदानात एकच गलका झाला.

"उठा गुरुजी. काठी टाका. चाला."

गुरुजी उठले. पहिलंच पाऊल टाकलं आणि खुब्यात तीच कळ उठली, नेहमीची, ओळखीची. काही बदललं नव्हतं. त्यांना ते त्याच क्षणी समजलं. पण समोर हजार-दोन हजार तोंडं वर करून पाहत होती. त्यात त्यांचे विद्यार्थी होते, विद्यार्थ्यांची लेकरं होती. गुरुजींनी दात आवळले आणि मंचाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून दाखवलं.

"दुखतंय का गुरुजी?" महाराजांनी विचारलं.

"न्हाई," गुरुजी म्हणाले.

महाराजांनी त्यांची काठी गुडघ्यावर आपटून मोडली आणि ढिगावर फेकली.

एवढ्यावर भागलं नाही. "साखर पण हाय न्हवं?" महाराज म्हणाले. गुरुजी मंचावर चढताच, पायाच्या कामाआधी, महाराजांच्या माणसानं पडद्याआड त्यांची लघवी एका मातीच्या परळात घेऊन लिंबाखालच्या वारुळापाशी ठेवली होती. आता पडद्याआड पुन्हा एकदा घेतली. गुरुजींनी मान खाली घालून तेही केलं. दुसरा परळ पहिल्याशेजारी ठेवून महाराजांनी त्याच्याभोवती अंगाऱ्याचं रिंगण ओढलं. "मुंगी म्हंजे देवाची कंपाउंडर, भक्तहो. तिला फी लागत न्हाई, लाच चालत न्हाई. साखर असंल तर येईल, नसंल तर माघारी जाईल."

भजन झालं, दुसरं झालं. पहिल्या परळाला मुंग्या लागल्या होत्या. दुसऱ्याच्या रिंगणापाशी येत आणि उलट फिरत. पुढे उभ्या असलेल्या बायांनी हात जोडले. महाराजांनी गुरुजींच्या हातात खायच्या पुड्या दिल्या, अंगाऱ्याची एक वेगळी पुडी दिली आणि बजावलं, "डॉक्टरच्या गोळ्या बंद. देवाच्या औषधात माणसाचं औषध मिसळायचं न्हाई."

घरी चांगुणाबाईंनी विचारलं, "खरंच दुखत न्हाई?"

"कमी हाय," गुरुजी म्हणाले. त्यांनी बायकोच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

आणि मग खरोखरच कमी झालं. पुड्या घ्यायला लागल्यावर दोन-तीन दिवसांत खुब्यातली कळ विझल्यासारखी झाली. गुरुजी काठीवाचून शाळेत गेले. पाय हलत-डुलतच पडत होता, पण दुखत नव्हता. त्यांनी स्वतःची समजूत घातली की आपण मंचावर बोललो ते खोटं नव्हतं, फक्त जरा आधी बोललो.

महाराजांचा ट्रक कुरुंद्याकडे गेला, मग आणखी पुढे. प्रत्येक गावी कर्णा सांगायचा, "आमचं खरं वाटत न्हाई? बाळापूरच्या पाईकराव गुरुजींला विचारा. देव न मानणारा माणूस हाय." लोक विचारायला येत. बैलगाड्या करून येत. गुरुजी ओट्यावर बसून सगळ्यांना एकच सांगत, "मला गुण आला. जाऊन बघा." नंतर नंतर तर ते समोरच्याकडे नीट न पाहताच सांगत.

पूर्वी रोज सकाळी गुरुजी स्वतःच साखर तपासायचे. काचेच्या नळीत निळं औषध, त्यात लघवीचे थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. रंग निळाच राहिला तर चांगलं. हिरवा, पिवळा, तांबडा होत गेला तर साखर वाढलेली. मैदानातल्या त्या दिवसापासून नळी फडताळात पडून होती.

"नळी काहून काढत न्हाई तुमी?" चांगुणाबाईंनी एका सकाळी ती धुऊन त्यांच्यापुढे ठेवली.

त्या चुलीकडे वळल्या आणि गुरुजींनी दिवा पेटवला. निळ्याचा हिरवा झाला, हिरव्याचा पिवळा, आणि बघता बघता नळीत विटेसारखा लाल गाळ बसला.

"काय रंग आला?" चुलीपासून आवाज आला.

"निळा," गुरुजी म्हणाले, आणि मोरीत नळी ओतून आले.

त्यानंतर पुड्या संपल्या. दुखणं पहिल्यापेक्षा जास्त जोरानं परत आलं. तहान भागेना, रात्री दोन-तीनदा उठून परसात पपईपाशी जावं लागे. तोंड गोल सुजलं होतं. लोक म्हणायचे, गुरुजींच्या तोंडावर तेज आलं. गुरुजी दार लोटून घरात बसू लागले. खोटं बोलणाऱ्याला एक वेळ सवय होते. यांना होत नव्हती, एवढंच त्यांच्या बाजूनं सांगता येईल.

एके दिवशी शाळा सुटताना वसराम दारात येऊन उभा राहिला. जवळच्या तांड्यावरचा हा शेतकरी, चौथीपर्यंत गुरुजींच्या हाताखाली शिकलेला. त्याची आई नीलाबाई, जिला तो बंजारा बोलीत याडी म्हणे, तिलाही मधुमेह होता.

"याडीचा पाय कापला गुरुजी," तो म्हणाला. "नांदेडला. गुडघ्याखालून."

गुरुजींनी त्याला बसायला सांगितलं. वसराम बसला नाही. नीलाबाईंच्या अंगठ्याखाली काट्याची जखम झाली होती. बाळापूरच्या मोटार स्टँडसमोरचे गुलाबचंद डॉक्टर साखरेच्या गोळ्या देत होते, पट्टी करत होते, जखम सुकत आली होती. मग गोळ्या बंद झाल्या. महाराजांचा अंगारा लावला, पुड्या घेतल्या, गुळाचा प्रसाद रोज खाल्ला. बोट काळं पडलं, मग पाऊल. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, पाय ठेवला तर बाई जाईल.

"अरे, असल्या माणसाच्या नादी काहून लागलाव तुमी?" गुरुजी बोलून गेले. वर्गात बोलायची जुनी सवय. "माझ्याकडं तरी यायचं आधी."



"आलतो ना गुरुजी. याडीला गाडीत घालून तुमच्या ओट्यापाशी आणलं होतं. तिला त्या बाबाचं पटत नव्हतं. ती म्हणली, गुरुजी म्हणतील तसं. तुमी म्हणलाव, मला गुण आला, जाऊन बघा." तो आवाज न चढवता बोलत होता. "आमी बाबाचं न्हाई ऐकलं. तुमचं ऐकलं."

तो निघून गेला. गुरुजी रिकाम्या वर्गात बसून आठवायचा प्रयत्न करत राहिले. गाडीतली बाई, तिचा बांधलेला पाय, ती काय बोलली. त्यांना काहीच आठवेना. इतके लोक आले होते, त्यात ती एक. ज्या बाईचा पाय आपल्या शब्दानं गेला तिचं तोंडसुद्धा आपण पाहिलं नव्हतं, हे कळल्यावर त्यांना आपलं शरीर नकोसं झालं.

घरी येऊन त्यांनी चांगुणाबाईंना समोर बसवलं. "त्या दिवशी नळीत लाल आलं होतं. मी खोटं बोललो. मैदानातही खोटं बोललो. पाय त्या दिवशी दुखत होता."

"मला ठाऊक हाय," चांगुणाबाई म्हणाल्या. "रात्री तुमी पपईपाशी जाता. सकाळी तिथं मुंग्यांची रांग असती."

"मग बोलली काहून न्हाईस?"

"तुमी सांगसाल म्हणून थांबले."

गुरुजींना वाटलं, हिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं. ते उठून परसात गेले. पपईच्या बुडाशी खरंच रांग होती. ते पाहता पाहता त्यांच्यातला कित्येक दिवस झोपलेला मास्तर जागा झाला. इथं मुंग्या येतात. तिथं माघारी गेल्या. लघवी माझीच, साखर तेवढीच. मग मधे वेगळं काय होतं? अंगारा.

त्यांनी महाराजांची पुडी आणली, गुळाचे दोन खडे घेतले. एक नुसता ठेवला, दुसऱ्याभोवती अंगाऱ्याचं रिंगण ओढलं. थोड्या वेळानं नुसता खडा मुंग्यांनी काळा झाला. दुसऱ्याच्या रिंगणापाशी येऊन मुंग्या परत फिरत होत्या. रिंगणात शिरलेल्या दोन-चार उलट्या पडून पाय झाडत होत्या.

गुरुजी तसेच लंगडत गुलाबचंद डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी अंगारा हुंगला. "कपाशीवर मारायची पावडर आहे. राखेत मिसळली, वर कापूर टाकला, म्हणजे वास कळत नाही." खायची एक पुडी चांगुणाबाईंनी आधीच बाजूला काढून ठेवली होती, ती गुरुजींनी पुढे केली. डॉक्टरांनी उघडून पाहिली. "माझा संशय, यात स्टेरॉइडच्या गोळ्या कुटल्यात. दुखणं दाबतात, म्हणून तुम्ही चालू शकलात. पण साखर भडकवतात, तोंड सुजवतात आणि जखम भरू देत नाहीत. नीलाबाईंनीही हेच खाल्लं असणार."

"आन् पाय? टाच पुढं आली ती हजारानं पाहिली."

डॉक्टरांनी टेप काढली. कमरेच्या हाडाच्या टोकापासून घोट्यापर्यंत दोन्ही पाय मोजले. उजवा दोन इंच आखूड. होता तेवढाच. मग त्यांनी कंपाउंडरला बाकावर बसवलं, त्याच्या टाचा हातात धरल्या आणि दोन्ही पाय हळूच एका बाजूला नेले. धडधाकट कंपाउंडरची एक टाच मागे पडली. पाय दुसऱ्या बाजूला नेले, टाचा बरोबर झाल्या. आणखी नेले, मागची पुढे गेली. "बसलेल्या माणसाची कंबर फिरते, गुरुजी. टाचेला टाच लावून पाय मोजता येत नाही."

गुरुजी खाली मान घालून ऐकत होते. इतकं सोपं. चौथीच्या पोरालाही दाखवता येईल.

"तुमी लोकांला सांगा डॉक्टर."

"मी सांगितलं तर म्हणतील, गिऱ्हाईक तुटलं म्हणून बोलतो," डॉक्टर म्हणाले. "लोक माझ्यामुळे फसले नाहीत."

महाराजांचा ट्रक तेव्हा जवळा बाजारला लागला होता. आठवडी बाजाराच्या दिवशी गुरुजी आणि डॉक्टर एसटीनं तिथं पोचले. गुरुजींच्या हातात नवी काठी होती. मैदान भरलेलं, कर्णा चालू, काठ्यांचा ढीग आणखी उंच. त्यांना पाहताच महाराजांनी हात पसरले. "बघा भक्तहो, नाव काढलं आन् गुरुजी हजर. या, तुमच्या तोंडानं सांगा."

काठीकडे महाराजांचं लक्ष जाईपर्यंत गुरुजी मंचावर पोचले होते. त्यांनी माइक हातात घेतला. पहिलं वाक्य निघेना. त्यांनी काठीवर भार घेतला.

"मी जळबा पाईकराव," ते अखेर म्हणाले. "माझा पाय बरा झाला असं तुमाला सांगितलं जातं. तो बरा झाला न्हाई. बाळापूरला मी या मंचावर चाललो तेव्हाही दुखत होता. मला लाज वाटली, म्हणून मी न्हाई म्हणलो. मी खोटं बोललो."

महाराज हसून म्हणाले, "गुरुजींची श्रद्धा डळमळली, साखर डोक्यात गेली त्यांच्या."

गुरुजींनी खिशातून गुळाचा खडा काढला आणि मंचाखालच्या वारुळापाशी ठेवायला एका म्हाताऱ्याच्या हातात दिला. सोबत पुडीतला उरलेला अंगारा दिला. "याच्याभोवती रिंगण ओढा बाबा. महाराजांचाच अंगारा हाय." लोक वाकून पाहू लागले. तोवर डॉक्टरांनी पोती उचलणाऱ्या एका तगड्या हमालाला पाटावर बसवलं. त्याचे पाय धरले, टाच मागे नेली. हमाल बावरून आपल्या पायाकडे पाहू लागला. डॉक्टरांनी टाच पुढे आणली, पुन्हा मागे नेली. कुणीतरी हसलं, मग बरेच हसले. डॉक्टर म्हणाले, "याचा पाय दोनदा रुसला आणि दोनदा आला. मी मंत्र म्हटला नाही."

वारुळापाशी म्हातारा उठून उभा राहिला. "मुंग्या गुळाला शिवत न्हाईत," तो म्हणाला.

"मग महाराजांनी गुळातली साखर पण काढली म्हणायची का?" गुरुजींनी विचारलं.

आता महाराज उभे राहिले. आवाजातला मध गेला होता. "देवाची परीक्षा घेतोस? पाय झडंल तुझा."

"झडला," गुरुजी म्हणाले. "माझा न्हाई झडला. तांड्यावरच्या नीलाबाईचा झडला. तिनं तुमच्यावर न्हाई, माझ्यावर विश्वास ठेवला होता." आणि तिथं, त्या मंचावर, पांढऱ्या केसांचा तो मास्तर रडू लागला.

महाराजांना कुणी मारलं नाही. ट्रक संध्याकाळच्या आत निघून गेला. निघताना दोघा-तिघांनी वाकून नमस्कारही केला, हेही सांगायला हवं. तक्रार मात्र झाली आणि पुढे वसमतच्या बाजूला पोलिसांनी ट्रक अडवला, तेव्हा त्यात कीटकनाशकाचं पोतं, गोळ्यांचे डबे आणि त्या कुटायचा खलबत्ता सापडला. डॉक्टरांचा संशय खरा ठरला.

दिवाळीनंतर गुरुजी मुंबईला गेले. सर्जननं तपासणी पाहिली आणि ऑपरेशनला नकार दिला. गुरुजींनी कारण विचारलं नाही. सगळी हकीगत त्यांनीच सांगून टाकली, महाराजांची, पुड्यांची, निळ्या म्हणून सांगितलेल्या लाल रंगाची. सर्जन तरुण होता. तो रागावला नाही, एवढंच म्हणाला, "साखर उतरवून या. मी थांबतो." त्या मंचावर असं कुणी म्हणालं नव्हतं.

गोळ्या, ज्वारीची भाकर, मोजकं खाणं, रोजची तपासणी. उन्हाळा सरता सरता साखर उतरली आणि सांधा बसला. जखम पिकली नाही. वॉकर धरून पहिल्यांदा उभे राहिले तेव्हा गुरुजींना आनंद व्हायला हवा होता. शेजारच्या खाटेवरचे लोक टाळ्या वाजवत होते. गुरुजींच्या डोळ्यांपुढे न आठवणारा एक चेहरा उभा होता.

पाऊल जमिनीवर नीट टेकू लागल्यावर ते तांड्यावर गेले. वसराम त्यांना पाहून गोठ्याकडे निघून गेला. नीलाबाई झोपडीपुढे बसल्या होत्या, गुडघ्याखाली घागऱ्याचा घोळ रिकामा. गुरुजींनी पहिल्यांदा त्यांचा चेहरा नीट पाहिला. रुंद कपाळ, हनुवटीवर गोंदण, शांत डोळे.

"माफी मागायला आलो न्हाई," गुरुजी म्हणाले. "मागायची कशी तेच कळत न्हाई."

नीलाबाई म्हणाल्या, "माफीचं मी काय करू गुरुजी? तुमचा पाय आला, माझा गेला. ते राहू द्या. पण तांड्यातले लोक म्हणून राहिले, हिचा विश्वास कमी पडला, मनात डॉक्टर होता, म्हणून पाय गेला. माझी सून पण तसंच म्हणती. एवढं तुमी त्यांला सांगा."

गुरुजींना हे ठाऊक नव्हतं. बाबा पकडला गेला, खलबत्ता सापडला, तरी दोष फिरून या बाईच्याच दारी येऊन बसला होता.

त्यांनी माणसं गोळा करायला सांगितलं. तांडा जमला. गोठ्याच्या दारात वसरामही येऊन उभा राहिला. गुरुजी बसले नाहीत.

"नीलाबाईचा विश्वास कमी पडला न्हाई," ते म्हणाले. "माझ्यावर जास्त पडला. जखम सुकत होती ती गोळीनं आन् पट्टीनं. गोळी बंद झाली, साखर चढली, साखरेनं जखम नासली, म्हणून पाय गेला. यात देव न्हाई, कोप न्हाई. माझाही मधुमेहच हाय. मी गोळी खाल्ली, साखर उतरवली, तवा माझी जखम भरली. फरक एवढाच."

एक म्हातारी म्हणाली, "तुमी शिकलेले असून फसलाव. आमी काय करावं?"

"शिकलेला भिला की फसतो, आजी," गुरुजी म्हणाले. "मी भिलो होतो. तुमालाही भीती वाटंल, कुणालाही वाटती. तवा दोन दिवस थांबायचं. कुणी चमत्कार दाखवला तर तो घरी आणून स्वतः करून पाहायचा. चालू असलेलं औषध कुणाच्याही सांगण्यावरून सोडायचं न्हाई, ज्यानं दिलं त्याला विचारायचं. आन् अमक्याला गुण आला असं कुणी सांगितलं, तर त्या अमक्याला चालायला लावा, त्याचा पाय मोजा, त्याची साखर बघा. तो लाजून खोटं बोलत असंल."

मग त्यांनी एकेकाच्या तोंडाकडे पाहिलं.

"आता मी बोललो तेसुद्धा, मी गुरुजी हाय म्हणून मानू नका. तपासून बघा."